तिसरी गोदी

खिडकीत धुराडं दिसलं नाही म्हणून मालसुन जागेवरून उठली नाही. एवढंच झालं. नाम्पोच्या बाजारातून निघालेली बस पूल ओलांडून यंगदो बेटावर आली, गोद्यांच्या मागच्या रस्त्यानं वळली, चढाला लागली आणि नेहमीसारखी धापा टाकू लागली. मालसुन उजव्या अंगाच्या खिडकीशी होती. मांडीवर सुक्या माशांचं पुडकं. दोन उंच इमारतींच्या मधल्या फटीत सार्वजनिक न्हाणीघराचं लाल विटांचं धुराडं दिसलं की दांडीला धरून उठायचं, पाय स्थिर होईतो थांबा येतो. हे ती कित्येक वर्षं न ठरवता करत आली होती. आज फट आली. फटीत समुद्राचा एक राखी तुकडा होता आणि त्यावर नांगर टाकून उभी असलेली तीन जहाजं. ती जहाजांकडे बघत राहिली. बस थांबली, कुणी चढलं, कुणी उतरलं, बस निघाली. आणखी एकदा थांबली, आणखी एकदा. मग एका शाळेची भिंत आली. भिंतीवर रंगवलेले मोठमोठे मासे होते. असे मासे आपल्या वाटेवर नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती उतरली.

उतरल्यावर तिनं डोंगराकडे पाठ केली. डोंगराकडे पाठ केली की समोर समुद्र येतो, आणि समुद्र दिसला की बेटावरचं माणूस हरवत नाही, असं तिची आई म्हणायची. पण बेटाला समुद्र चारी बाजूंनी असतो. समोर उतरत जाणाऱ्या तीन गल्ल्या होत्या. तिन्हींत पायऱ्या, तिन्हींत छपरांवर निळ्या टाक्या, तिन्हींच्या शेवटी तेच राखी पाणी. चौसष्ट वर्षांत तिचा मुक्काम या बेटावरून हलला नव्हता. पाच मुलींनंतर कंटाळलेल्या बापानं तिचं नाव मालसुन ठेवलं, म्हणजे ही शेवटची, आता पुरे. आणि तिच्या पाठीवर आणखी दोन मुलीच झाल्या. त्या दोघी बेट सोडून गेल्या, मालसुन राहिली. आणि आता घराला कोणती गल्ली जाते ते तिला ठरवता येईना. घाबरायला हवं होतं. तिनं जरा वाट पाहिली, पण घाबरल्यासारखं काही झालं नाही. थांब्यावर बाक होता, ती त्यावर बसली.

धुराड्याखालची गल्ली. धुराड्याच्या वरच्या अंगाचं घर. सगळी वस्ती पत्ते असेच सांगायची. पोस्टमन, गॅसवाला, मुलाच्या, तेग्युच्या, शाळेतल्या बाई, सगळे. सरकारनं मधे रस्त्यांना नावं दिली, दारांवर निळ्या पाट्या ठोकल्या, पण त्या पाट्या फक्त सरकारच वाचायचं. त्या धुराड्याच्या मुळाशी, न्हाणीघराच्या तळघरात, मालसुनचा नवरा गितेक सव्वीस वर्षं भट्टीवर होता. आधी लाकूड आणि भुसा, मग जुनं तेल. पुढे मालकानं गॅस घेतला आणि भट्टीवाल्याचं काम संपलं. धुराडं उगीचच उभं राहिलं. मालसुन तेव्हा गोदीत असायची, दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या अंगावरचा गंज आणि कालवं हातोडीनं ठोकून काढणाऱ्या बायकांमध्ये. त्या आवाजावरून सगळे त्यांना कांगकांग बायका म्हणत. जहाजाच्या बाजूनं फळी टांगलेली, फळीवर दोघी बसलेल्या, पाठीमागे चढावर सगळी वस्ती आणि त्यातून वर आलेलं ते धुराडं. तिची जोडीदारीण ओकबुन फळीवर बसल्या बसल्या मान वळवून बघायची आणि म्हणायची, "निघाला गं तुझ्या नवऱ्याचा धूर. सगळ्या गावाला आंघोळ घालतो, आणि स्वतः मात्र कोळशाचा कोळसाच!" मालसुन म्हणायची, "घरात अंधार पडला की दिसतच नाही, तेवढंच बरं." मग दोघी हसायच्या आणि कानांत कापूस कोंबायच्या. कापूस कोंबला की दिवसभर बोलणं बंद. हसणं असं आधीच उरकून घ्यावं लागे.

गितेकला जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीसाठीच ती सुके मासे आणायला गेली होती. फुप्फुसं गेली होती त्याची. शेवटचे दोन महिने तो घरातच, अंथरुणावर, भिंतीला पाठ लावून. गेला त्या दिवशी मालसुननं त्याचं तोंड पुसलं, चांगवनला राहणाऱ्या मुलाला फोन केला, शेजारणीनं आणलेली पेज खाल्ली. पेजेत मीठ कमी होतं. लोक म्हणाले, धीराची बाई. तेग्यु म्हणाला, "आई, रडून घे गं एकदा, बरं वाटेल." ती म्हणाली, "बरं." तेग्यु तीन दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "हे घर काढू या. तू ये माझ्याकडे." त्यालाही ती बरं म्हणाली. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही. चावला गेला तरी रक्ताच्या चवीवरूनच कळतं. तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. आणि तिला खरं सांगायचं तर हे एकेचाळीस दिवसांचं नव्हतं. एकेचाळीस दिवसांत ते फक्त उघडं पडलं होतं. याआधी गितेक मधे असायचा.

"मावशी? मालसुनमावशी, इकडे कुठे तुम्ही?"

आवाज उजव्या बाजूनं आला म्हणून तिला ऐकू आला. डावा कान गोदीतच गेला होता, उजवा अर्धा शिल्लक होता. समोर जिल्हा कचेरीचं निळं जाकीट घातलेली बाई उभी होती. काखेत कागदाची लांब गुंडाळी. आरान. ओकबुनची लेक. चौतीस वर्षांची झाली, पण मालसुनला ती नेहमी आधी सहा वर्षांची दिसायची आणि मग तिच्यावर हे बाकीचं वय चढवावं लागायचं.

"बस पुढे आली," मालसुन म्हणाली.

"बस पुढेच जाते मावशी. उतरायचं आपल्याला असतं." आरान हसली आणि तिच्या शेजारी बसली. मग तिचं हसणं थांबलं. "धुराडं बघून उतरता होय तुम्ही?"

मालसुननं मान हलवली.

"काल संपलं ते. तडे गेले होते ना. चार दिवस वरून एकेक वीट काढत होते. मी होते फोटो काढायला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"दार वाजवलंही असेल कुणी," मालसुन म्हणाली. चार दिवस. रोज आंगणात कपडे वाळत घालताना तिनं मान वर केली असणार. पण दिसलं काय, ते तिला आठवेना.

आरान कचेरीत वस्तीचा नकाशा करण्याच्या कामावर होती. गेल्या हिवाळ्यापासून ती म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन बसायची, चहा प्यायची, काय कुठे होतं ते विचारायची आणि लिहून घ्यायची. मालसुनकडेही ती तीनदा आली होती. तीनही वेळा गितेक मधे आला. "तिला ऐकू येत नाही," पहिल्यांदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "तिला आठवत नाही." तिसऱ्यांदा त्याला उठवतही नव्हतं, तरी त्यानं अंथरुणातूनच आवाज दिला, "दोन नंबरची गोदी होती, लिहून टाक, आणि जा पोरी, मला खोकला आलाय." मालसुन त्या वेळी स्वयंपाकघरात मुळे चिरत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. घरात एवढ्या जवळून बोललेलं तिला ऐकू यायचंच, आणि हे गितेकला माहीत होतं.

आरानने मांडीवर गुंडाळी उलगडली. वारा कागद उडवत होता म्हणून मालसुननं एका कोपऱ्यावर माशांचं पुडकं ठेवलं. बेट असं वरून तिनं कधी पाहिलं नव्हतं. मधे बोंग्ने डोंगर, हिरवा आणि रिकामा. घरं सगळी काठाकाठानं, भांड्याच्या कडेला करपलेला भात चिकटतो तशी. उत्तरेला पूल. पश्चिमेच्या कड्यावर पांढऱ्या भिंतींची वस्ती, जिथे युद्धात पळून आलेल्यांनी समुद्राकडे तोंड करून झोपड्या बांधल्या होत्या आणि आता पोरंपोरी फोटो काढायला येतात. दक्षिणेच्या टोकाला दीपगृह. जागोजागी लाल ठिपके. ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात ओळी. पहिला सार्वजनिक नळ इथे होता. इथे बायका जाळी विणत. इथून शाळेची पोरं बर्फाच्या कारखान्यातला बर्फ चोरत.

"आणि हा मला आता काढावा लागणार," आरानने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, न्हाणीघराचं धुराडं. "की ठेवू? 'इथे होतं' असं लिहून? साहेब म्हणतात, नसलेल्या गोष्टींनीच नकाशा भरला तर लोक चालणार कसे!"

आरानने नकाशा गुंडाळला नाही. ती नकाशाच्या वरच्या टोकाकडे, देप्यंगच्या गोद्यांकडे बघत होती.

"मावशी, एक ठिपका राहिलाय, आईचा. काका म्हणाले होते दोन नंबरची गोदी. मी जुनं रजिस्टर मिळवलं. त्या आठवड्यात दोन नंबरला जहाजच नव्हतं."

वारा होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मालसुननं तोंड त्या बाजूला वळवलंही. पण मधे कुणी उभं नव्हतं, खोकलाही नव्हता, दारही नव्हतं. मग ते तोंडातून बाहेर पडलं, आणि तिनं ते आरानबरोबरच ऐकलं: "तीन नंबर."

"दाखवता?"

उठताना आरानने तिच्या दंडाला धरलं. मधल्या गल्लीनं त्या उतरू लागल्या. पायऱ्या अरुंद होत्या, एका बाजूला लोखंडी कठडा, एका दारात मातीची बरणी, एका खिडकीत कुणीतरी मासे तळत होतं. मालसुन पायऱ्यांकडे बघत होती. डोंगर पाठीवर होता. बेटावरची माणसं म्हणतात, डोंगरावर आजी राहते. जोवर बेटावर आहात तोवर ती पोटापाण्याला कमी पडू देत नाही, पण बेट सोडून जाणाऱ्याचं ती तीन वर्षांत वाटोळं करते. म्हणून जाणारे तिला न कळेल असे जातात, आणि जिथून डोंगर दिसणार नाही अशाच ठिकाणी घर करतात. तेग्यु या असल्या गोष्टींना हसतो. पण चांगवनला घर घेताना त्यानं आधी गच्चीवर जाऊन चारी बाजूंना पाहिलं होतं, हे त्याच्या बायकोनं सांगितलं. ओकबुन त्या महिन्यात जाणार होती. नवऱ्याला उल्सानला काम मिळालं होतं, सामान बांधून झालं होतं, शेजारपाजारी भांडी वाटून झाली होती. मालसुनला तिनं पितळी डाव दिला. "आजी रागावेल गं," मालसुन म्हणाली होती. "रागावू दे. सासूपेक्षा जास्त काय रागावणार!" असं ओकबुन म्हणाली, मोठ्यांदा, डोंगराकडे बघून, सगळ्या बायकांच्या समोर. त्यानंतर आठव्या दिवशी ती फळीवरून पडली. प्रेताजवळ बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, आजीनं केलं. मुकादम म्हणाला, आजीनं केलं. ओकबुनची सासू छाती बडवत डोंगराला शिव्या देत होती. दोर कुणी पाहिलाच नाही. डोंगर तिथे होता, मोठा होता, आणि काही बोलत नव्हता. मालसुननं सगळं त्याच्या अंगावर घातलं आणि गप्प बसली.

"मावशी, जपून. इथे शेवाळ आहे."

ओकबुनच्या नवऱ्यानं नंतर उल्सानचं नाव काढलं नाही. तो दूरच्या मासेमारीवर गेला, वर्षावर्षाला यायचा. आरान आजीजवळ, म्हणजे ओकबुनच्या सासूजवळ, वाढली, धुराड्याच्या खालच्या अंगाला, मालसुनच्या घरापासून चार दारांवर. आणि दुसरी गोष्ट तिथेच झाली. दहनाच्या दिवशी पोर आजीच्या मांडीवर नुसती बसली होती, डोळे उघडे, काही खात नव्हती. आजी मालसुनला म्हणाली, "तू होतीस ना जवळ? काही म्हणाली का गं ती?" आणि मालसुन म्हणाली, "आरानचं नाव घेतलं." पोरीनं मान वर केली. त्या दिवशी ती भात जेवली. नंतर ती दोन वर्षं येत राहिली. दारात उभी राहायची, पायातल्या चपला न काढता. "मावशी, आई कशी म्हणाली?" मालसुन म्हणून दाखवायची, "आरान..." "असं हळू?" "नाही, मोठ्यांदा." "मग मोठ्यांदा म्हणा." मालसुन मोठ्यांदा म्हणायची. गितेक आतून उठून बाहेर निघून जायचा. आठ वर्षांची झाल्यावर पोरीनं विचारणं सोडलं. मालसुनला वाटलं, विसरली.

खाली सपाटीला आल्यावर वास बदलला. तेल, रंग, ओलं लोखंड. गोदीत आताही दोनतीन जहाजं वर घेतलेली होती, पण ठोकण्याचा आवाज नव्हता. मुखवटे घातलेले पुरुष पाण्याच्या फवाऱ्यानं गंज धूत होते. तीन नंबरची गोदी बुजवून टाकली होती. तिथलं मासे गोठवायचं जुनं गोदाम होतं ना, त्याची आता कॉफीची जागा झाली होती. मोठ्या काचा, बाहेर लाकडी बाकं, बाकांवर समुद्राकडे तोंड करून बसलेली तरणी पोरं. पुढच्या मोकळ्या जागेत मोटारींसाठी पांढऱ्या रेघा मारलेल्या. मालसुन जरा गोंधळली. मग तिला कडेचा लोखंडी खुंट दिसला, जहाजाचा दोर बांधायचा, गुडघ्याएवढा. तो तिथेच होता. खुंटाला पाठ लावून ती उभी राहिली आणि मोजत निघाली. चौदा पावलांवर ती थांबली. तिथे दोन रेघांच्या मधे एक पांढरी मोटार उभी होती.

"जहाजाचं नाक तिकडे. आपण मधोमध. फळी साधारण दोन माणसं उंचीवर. खाली काँक्रीट होतं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला बसमध्ये थांब्यांची नावं सांगणाऱ्या आवाजासारखा वाटला.

आरानने फोन काढला. फोटो घेतला नाही. नुसता हातात धरला. "मग?"

"तुझ्या आईला त्या दिवशी उशीर झाला."

"माहीत आहे. मी शाळेत जायला रडत होते. आजी सांगायची."

"ती यायच्या आधी मी फळी बांधली. माझं टोक बांधलं, आणि तिचंही."

आरान तिच्याकडे बघत होती.

"असं करायचं नसतं," मालसुन म्हणाली. "आपल्या टोकाची गाठ आपण बांधायची. दुसरीनं बांधलेल्यावर बसायचं नाही. नवीन पोरगी कामावर आली की तिला पहिलं हेच शिकवायचं. मीच शिकवायची. पण मुकादम ओरडत होता, मला वाटलं, धावत येईल बिचारी, तेवढाच तिचा वेळ वाचेल. तोंडात घास घेऊनच आली ती. मला म्हणाली, बांधलंस? मी म्हटलं, बांधलं, बस." ती थांबली. पुढचं तिनं एकदाच सांगितलं होतं, तळघरात, भट्टीपुढे, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. गितेक भुसा लोटत होता. त्यानं फावडं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही." आणि मग, बऱ्याच वेळानं, "मी आहे." त्यानंतर दोघांत या गोष्टीचा शब्द नाही. "थंडी होती," ती आरानला म्हणाली. "हातोडी धरून धरून बोटं मेलेली असायची. गाठ बसली की बोटांना कळतं. त्या दिवशी कळलं नाही. परत एकदा ओढून पाहायची होती. मी पाहिली नाही."

बाकावरची दोन पोरं मोठ्यानं हसली. कुणाचा तरी कागदी पेला वाऱ्यानं उडाला आणि रेघांवरून घरंगळत गेला. एक मुलगी त्याच्यामागे धावली.

"काकांना माहीत होतं," आरान म्हणाली. ते विचारल्यासारखं नव्हतं.

"होतं."

"म्हणून मला दारातून..."

"हो."

आरानने फोन खिशात ठेवला. परत काढला. आता काहीतरी होईल, असं मालसुनला वाटलं. मारेल, ओरडेल, चारचौघांत काहीतरी बोलेल. ती वाट बघत उभी राहिली. मनाचा एक कोपरा तर त्यासाठी पुढे सरकूनच बसला होता. पण आरानचा चेहरा लहान होत गेला, वय उतरत गेलं, आणि अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "पण मावशी, आईनं माझं नाव तर घेतलं होतं ना?"

हो म्हणता आलं असतं. एक शब्द. एक घेतलंय, हे दुसरं तिच्याजवळ राहू द्यावं, असं गितेक म्हणाला असता; किंवा म्हणालाच नसता, नुसता मधे येऊन उभा राहिला असता. मालसुननं जीभ हलवून पाहिली.

"कानात कापूस होता गं पोरी," ती म्हणाली. "मला ऐकूच आलं नाही. तोंड उघडलेलं दिसलं तिचं. तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच. माझ्या बाजूचा दोर मी धरून ठेवला होता. ती खाली जाताना माझ्याकडे बघत होती, आणि तोंड उघडं होतं."

"कसं?"

मालसुनला आधी कळलं नाही.

"कसं उघडं होतं? दाखवा."

म्हणून मालसुननं दाखवलं. त्या मोकळ्या जागेत, पांढऱ्या मोटारीशेजारी, कॉफी पिणाऱ्या पोरांच्या समोर तिनं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. वारा आत गेला, दात गार पडले, जबड्याजवळ कळ आली. आरान अगदी जवळ आली होती आणि त्या तोंडात बघत होती, खाली वाकून, विहिरीत काहीतरी पडल्यावर बघावं तशी. त्या तोंडातून आरान निघालं असतं, आई निघालं असतं, नुसती किंकाळी निघाली असती. सगळ्यांची सुरुवात एकच असते. मालसुनला हे तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर दहनाच्या दिवशी खोटं बोलणं तिला इतकं सोपं गेलं होतं.

"पुरे," आरान म्हणाली.

मग ती गेली आणि त्या लोखंडी खुंटाशी पाठमोरी उभी राहिली. किती वेळ ते मालसुनला सांगता आलं नसतं. सावली रेघेवरून सरकून मोटारीच्या चाकावर आली. काचेच्या आतून एक पोऱ्या बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, आत येऊन बसा ना, बाहेर गार आहे," आणि मालसुन म्हणाली, "बरं," पण गेली नाही. परत आली तेव्हा आरानचे डोळे सुजलेले होते, पण आवाज कचेरीतला होता.

"ठिपका इथेच ना? की थोडा तिकडे?"

"इथेच."

आरानने फोनवर बोट टेकवलं. "चला, बस येईल."

बसमध्ये गर्दी नव्हती. मालसुन खिडकीशी बसली. शेजारची जागा मोकळी होती, आरान तिथे बसली नाही. ती पुढच्या बाकावर बसली. बस वळली, चढाला लागली. बाहेर काय येतंय काय जातंय याकडे मालसुनचं लक्ष नव्हतं. आरान मागे न वळता, पण सावकाश आणि स्पष्ट, ऐकू जाईल असं बोलली, "मावशी, यापुढे मी घरी येणार नाही. काकांच्या विधीलाही नाही. काही लागलं तर दुसऱ्या कुणाला पाठवीन."

"बरं," मालसुन म्हणाली.

आरानचे केस वर बांधलेले होते, मान उघडी होती, आणि निळ्या जाकिटाच्या आतल्या सदऱ्याची मापाची पांढरी चिट्ठी गळ्याशी उलटी होऊन बाहेर आली होती. सकाळी घाईत घातला असणार. दिवसभर ती अशीच फिरली असणार, लोकांच्या घरात, साहेबांपुढे, आणि कुणी सांगितलं नसणार. असं सांगायला घरचं माणूस लागतं. मालसुन त्या चिट्ठीकडे बघत राहिली. बस एका खड्ड्यातून गेली, आरानची मान हलली, चिट्ठी हलली. मग मालसुननं हात उचलला, चिट्ठी दोन बोटांत धरली आणि हळूच आत सारली. बोटांना कापड लागलं की मान लागली, ते तिला कळलं नाही. म्हणून सरकन हात मागे न घेता तिनं तो तसाच ठेवला आणि वाट पाहिली. आरान वळली नाही. पुढेही सरकली नाही.